संत रोकच्या मांडीवरची हळद

११ नोव्हेंबर, सोमवार

बोळा कितीदा पिळला तरी पाणी पिवळंच येतं. हळद रंगाच्या भेगांत बसली आहे. सकाळपासून वीतभर चित्र मोकळं झालं आणि मी खूश आहे. शनिवारी पुण्याहून आले. सोनगीरच्या पुढे, शेतात एकटं उभं हे जुनं चर्च. संतांची तीन चित्रं साफ करायची. मागे राहायला खोली, खिडकीबाहेर कपाशी. इतकी शांतता मला हवीच होती.

फादर सुकदेव चावी देऊन नाशिकला गेले. जाताना म्हणाले, चेहरे पाहू नका, ते सारखेच आहेत. सोबतच्या खुणा पाहा. किल्ल्या तो पीटर. चाक ती कॅथरिन. तिसऱ्याच्या पायाशी कुत्रा, तोंडात पाव: रोक. प्लेग झाल्यावर तो रानात एकटाच जाऊन पडला. माणसं फिरकली नाहीत. कुत्रा पाव आणून देई. झगा वर उचलून तो मांडीवरची गाठ दाखवतो.

गाठ हळदीखाली आहे. शेजारच्या शेतातले झिपरूआबा दर रविवारी भंडारा लावतात. कुत्रा आहे म्हणजे खंडेराव. मी चूक समजावून सांगितली. ते हसले. म्हणाले, तोंड कसाले देखस माय, संगे कुत्रं शे ना!

१३ नोव्हेंबर

गाठ उघडी पडली. काळपट, कडेला लाल. इतक्या वर्षांत रंग जराही उडालेला नाही.

डबा घेऊन कोकिळा आली. झिपरूआबांची सून. रोज दारात बसून माझी थट्टा करते, एकटी बाई आणि दोन नवरे म्हणून. आज पाहून मागे सरली. म्हणाली, बठ्ठी हळद पुसी टाकी? हळद देवाला नव्हती, जखमेला होती. ती भरू द्यायची नाही आणि वाहूही द्यायची नाही, असं सासू सांगायची. मी म्हटलं, अगं, चित्र आहे ते.

रिकामा डबा न घेताच गेली.

१५ नोव्हेंबर

ताप. उजव्या मांडीवर गाठ आली आहे. कपडा टेकवत नाही.

उंबऱ्यावर पाव होता. कोकिळाने ठेवला असेल. बरं वाटलं. हाक मारली. कुणी नव्हतं.

फादरांचा फोन बंद. ॲम्ब्युलन्स बोलावली. ती फाटकाशी आली, ड्रायव्हर बाहेर उभ्या माणसांशी काही बोलला आणि गाडी परत गेली. मी चर्चच्या पुढच्या खिडकीतून पाहत होते. काचेवर चापट्या मारल्या, कुणी वळलं नाही. मग फोनची बॅटरी संपली. वीज कालपासून नाही.

१६ नोव्हेंबर

आजही पाव. ओला. त्यावर दातांच्या खुणा.

आबांच्या भंडाऱ्याच्या डब्यातली हळद घेऊन, भिंत धरत चित्रापाशी गेले. लावणार कुठे — रोकने झगा खाली सोडला आहे. मांडी दिसत नाही. पायाशी नुसती फरशी. कुत्रा नाही. आता त्याला कुणी ओळखणार नाही. कुठलाही माणूस असू शकेल तो.

हळद माझ्या मांडीला लावली. ती ओघळून गेली.

१७ नोव्हेंबर, रविवार

फाटकाशी माणसं. मी दारापर्यंत सरपटत — कोकिळा दिसली. तिला म्हटलं, फक्त पाणी दे, हात लावू नकोस —

कुणी माझ्या तोंडाकडे पाहत नाही. पायाकडे पाहतात. आणि माझ्या शेजारी, जमिनीकडे. तिथे काही नाही. तिथे काही —

गरम श्वास. घोट्यावर.

झिपरूआबांनी जोडे काढले. आबा, मी मोहिनी. पुण्याची. मी चित्रं साफ करायला — सांग ना कोकिळा, माझं नाव सांग त्यांना, तुला माहीत आहे, मी

*

सोमवारी सकाळी गावातली आणखी माणसं आली. बाई दुपारपर्यंत एकेकाला नावाने हाका मारत होत्या. आम्ही फाटकाबाहेर हात जोडून उभे होतो. हाका थांबेपर्यंत आत कुणी गेलं नाही.

कोकिळा