लांडगा माझ्या मांडीवरचा

३ जून
टॅटूचं शिक्षण सुरू. आईने सहा महिने दिलेत. तेवढ्यात स्टुडिओतली रिकामी खुर्ची, म्हणजे पक्कं काम, मिळालं नाही, तर मामाच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात खोकी चिकटवायला बसायचं. मला सहा आठवडे पुरतील. हातात कला उपजत आहे.

५ जून
दोन दिवस फरशी पुसतोय. शिकवणाऱ्या बाईंना कलावंत ओळखता येत नाही.

१८ जून
रेघा. कागदावर नुसत्या सरळ रेघा, दिवसाला दोनशे! माझ्याबरोबर लागलेली मुलगी तोंडातून ब्र न काढता चारशे काढते. एक नंबरची चमची. तिचं नाव फूटपट्टी ठेवलंय. मी वैतागून लांडगा काढला. बाईंनी त्याच कागदाने सांडलेली शाई टिपली. हे मी विसरणार नाही.

२ ऑगस्ट
मशीन मिळालं, पण सरावाच्या रबरी कातडीवर. बाईंचा नियम : कागदावरच्या चित्राचा जांभळा छापा कातडीवर उमटवला की खालून वर गिरवत जायचं, म्हणजे शाई पुसताना उरलेला छापा पुसला जात नाही. आज सतरा वेळा ऐकवलं. मी म्हटलं, घर खालून बांधतात बाई, चित्र नाही. त्या म्हणाल्या, जास्त शहाणपणा नको. जळतात, दुसरं काय! चित्राचा जीव डोळ्यांत, मी तिथूनच सुरू करणार.

२० नोव्हेंबर
इथला रिवाज : पहिलं खरं काम स्वतःच्या मांडीवर. ज्याचं चांगलं, त्याला खुर्ची. फूटपट्टी एक पान काढणार म्हणे. पान! मी लांडगा. आईला सांगून टाकलं, मामाला म्हणावं दुसरा माणूस बघ.

२४ नोव्हेंबर, दुपारी ४
डोळे झाले. काय डोळे आहेत! पुसून घेतले.

४.२०
कान झाले. टिश्यूला छाप्याचा जांभळा रंग लागतोय. लागू दे.

४.४०
जबड्याचा छापा गायब. टिश्यूच भिकार आणतात इथे. हरकत नाही, लांडगा मला पाठ आहे.

५.३०
पाठ नव्हता.

२५ नोव्हेंबर
बाईंनी चष्मा लावून बघितलं. मग विचारलं, हा हसतोय का? घरी आईने तेच विचारलं, फक्त ती मेंढी म्हणाली. खुर्ची फूटपट्टीला. धडधडीत पक्षपात! वर बाई म्हणतात, हे घेऊन गावभर फिरू नकोस, आमचं नाव जाईल. जखम भरली की ये, झाकून देऊ.

१२ जानेवारी
मामाने अर्धा दिवस सोडलं, तेही कुरकुरत. हाताचा डिंक खरवडून स्टुडिओत गेलो. फूटपट्टीचं पहिलं गिऱ्हाईक मी. लांडग्यावर मोठं काळं पान येणार. तिला बजावलं, आधी डोळे झाक, मला बघवत नाहीत. तिने खालून सुरू केलं.

डोळे सगळ्यात शेवटी बुजले. छापा तोवर जागच्या जागी होता.