चादरीवरचा वेग

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार
कारखान्याचे मालक विरुपाक्षअप्पा मुंबईहून मॉडर्न आर्टचं कॅलेंडर घेऊन आले. चित्रात माणूस नाही, गाडी नाही. नुसते फटकारे, पण सगळं पळतंय. म्हणाले, मास्तर, तिथल्या व्यापाऱ्याला चादरीवर असलं पळतं शहर पाहिजे. तुमची वेलबुट्टी आता खपत न्हाय. जमंल, का दुसरा डिझायनर बघू?
पासष्टाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण ठेवणार? पण घाबरायचं कारण नाही. चौथीत ड्रॉइंगला पहिला होतो.

५ फेब्रुवारी, दुपारी ३॥
एस.टी. स्टँडसमोर निरीक्षण. रिक्षा, टांगे, सायकली. गिरणीची पाळी सुटली आणि माणसांचा लोंढा आला. छाती धडधडली. ही धडधडच काढायची.
एकानं विचारलं, आजोबा, गाडी चुकली व्हय?

६ फेब्रुवारी
रिक्षा काढली. रिक्षासारखी दिसली. खोडली. जेवण जाईना.

८ फेब्रुवारी
सापडलं! ग्राफपेपरवर तिरक्या रेघा भरायच्या आणि मधेच तोडायच्या. रेघ तुटते तिथं डोळा उडी मारून पुढं पळतो. हाच वेग! लाल रिक्षा, काळ्या सायकली, गिरणीचा भोंगा पिवळा, फुटलेला.
बायको अक्कम्मा म्हणाली, कागदावर मांजरं भांडली व्हय? तिला कला कळत नाही.

९ फेब्रुवारी
ग्राफ तिप्पण्णाकडे दिला. तो ग्राफ बघून जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतो, त्या भोकांप्रमाणे मागावर नक्षी उतरते. माझ्याच हाताखाली शिकलेला. ग्राफ बघून गप्प झाला. भारावला असणार. आता मुंबईचं बोलावणं येईल. कोटाची उसवण शिवायला सांगितली.

१३ फेब्रुवारी
नमुन्याची चादर उतरली. सरळ चौकडा! एक रेघ तिरकी नाही, एक तुटलेली नाही.
तिप्पण्णानं बाजूला घेऊन सांगितलं, मास्तर, तुमचा हात लई कापायलाय की. रेघा जागोजागी तुटल्याल्या. मालकाच्या नजरंला पडू नये म्हनून समद्या जोडल्या, सरळ केल्या. कुनाला बोललो न्हाय. त्याच्या डोळ्यांत पाणी. मी थँक्यू म्हणालो.
मालकांना चौकडा फार आवडला. म्हणाले, व्यापारी गेला उडत, हेच विकू. पण मास्तर, चौकड्याला डिझायनर कशाला लागतो?

१४ फेब्रुवारी, सकाळी ८
रोजच्यासारखा कारखान्यात गेलो. माझ्या टेबलावर सुताची बंडलं रचलेली. मालक काहीच बोलले नाहीत. म्हणजे अजून नक्की नाही.
हमाल म्हणाला, मास्तर, जरा बाजूला व्हा की, अजून यायचीत.
बाजूला झालो.