गुलसुनने दार उघडलं

१२ डिसेंबर
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असू दे!

नळावर बर्फावरून घसरले. बादली एकीकडे, मी एकीकडे, आणि उजवं मनगट प्लास्टरात. समोरच्या खिडकीतून बाया बघत होत्या. धावत आली ती गुलसुन. तिच्या घरी ऑक्टोबरपासून गल्लीतलं कुणी चहाला जात नाही. तिने मला उठवलं, घरी पोचवलं, वर बादल्या भरून आणून ठेवल्या. "हात बरा होईतो मीच आणते, चिनारा एजे." एजे म्हणते मला, थोरली बहीण मानून. चहा पिऊन जा म्हटलं. तिने सासूबाईंच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि दारातूनच परतली.

१३ डिसेंबर
गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी काय असतं? कुणाचा कुत्रा, कुणाच्या चुलीची राख, कोळशावरून भांडणं. म्हणून मी रोज सकाळी काहीतरी चांगलं लिहिते. बसवाला म्हातारीसाठी थांबला. शेजारणीने कणकेचे गरम तळलेले बोर्सोक पाठवले. लोक बदाम पाठवतात, हसरे चेहरे पाठवतात.

आज लिहिलं — "मी पडले. गुलसुनने उचललं, पाणी भरलं. अल्ला तिचं भलं करो."

सगळ्यांनी वाचलं. बदाम एकही नाही!

१४ डिसेंबर
इसाबेक बायकेंचा फोन. ग्रुप त्यांचा, गल्लीतले वडीलधारेही तेच, म्हणून सगळ्यांचे बायके, थोरले दादा.

"काढून टाक ते. दुसऱ्या कुणाचं कौतुक कर, कोण नको म्हणतंय?"

"उचललं तिने, आणि कौतुक दुसऱ्याचं करू?"

फोन आपटला त्यांनी.

सासूबाई चुलीपाशी ऐकत होत्या. "चांगलं झालं तर मनात ठेवावं. चारचौघांत बोललं की नजर लागते."

कुणाची नजर? गुलसुनला आणखी काय लागायचं राहिलंय? ऑक्टोबरात तिच्या मुलीला, बेगिमायला, रस्त्यातून ओढून गाडीत कोंबलं. लग्नासाठी! पोरीने त्या मुलाला नीट पाहिलंही नव्हतं. पहाटे तिथून निसटली, अनवाणी घरी आली. मागोमाग मुलाकडचे आले, माफीचं मेंढरू घेऊन. "पोरगी परत द्या, बभ्रा नको." गुलसुनने मुलीला आत घेतलं आणि त्यांच्या तोंडावर फाटक लावलं. एवढाच तिचा गुन्हा. आता म्हणे गल्लीचं नाक कापलं गेलं! ओढून नेलं तेव्हा नाही गेलं ते नाक?

१५ डिसेंबर
पुन्हा लिहिलं. "आजही पाणी गुलसुननेच आणलं." मुद्दाम.

१६ डिसेंबर
ग्रुपमधून काढलं मला. हं!

२० डिसेंबर
इसाबेक बायकेंच्या नातवाला पाळण्यात घातलं. आमंत्रण आधीचं होतं, परत कसं घेणार! सासूबाई आणि मी गेलो. गुलसुनला अर्थात बोलावणं नव्हतं.

मांस वाढलं गेलं. रीतीप्रमाणे एकेकजण उठून बाळाला आशीर्वाद देत होता — मोठा हो, घोडे बाळग. माझी पाळी आली. उठले.

"बाळाला आपली माणसं चांगली लाभोत. मार खाऊन दारात आला तर 'लोक काय म्हणतील' असं न विचारता आत घेणारी. गुलसुनने बेगिमायला घेतलं, तशी."

बायांनी माना ताटात घातल्या. बाळ तेवढं कुरकुरत होतं.

"चिनारा, आज शुभ दिवस आहे!" इसाबेक बायके कडाडले.

"म्हणून तर शुभ बोलतेय, बायके!"

पलीकडून एक बाई म्हणाली, "तुझी मुलगी असती म्हणजे कळलं असतं."

"माझी असती तर गुलसुनइतकी हिंमत मला झाली असती का, ठाऊक नाही. म्हणूनच तिचं नाव घेतेय."

बसले. कुणी माझ्याकडे पाहिना. सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. परतताना माझ्या दहा पावलं पुढे चालल्या. आता घरातही अबोला! चालेल. शब्द मागे घेणार नाही.

२१ डिसेंबर
गुलसुन आली नाही. दिवसभर खिडकीशी उभी. मिरवायला गेले मी, आणि भोगायचं त्या दोघींनी?

संध्याकाळी बादल्या घेऊन आली. डोळे सुजलेले.

"एजे, कालचं तुमचं बोलणं कानावर आलं. बेगिमाय सकाळपासून रडतेय."

"माझं चुकलं का गं?"

"नाही हो. तिचं नाव कुणीतरी चांगल्या तोंडाने घेतलं, म्हणून रडतेय. घरी आल्यापासून रडलीच नव्हती."

२२ डिसेंबर
सकाळी उठून पाहते तो सासूबाई ठेवणीतली शाल पांघरून तयार. फडक्यात गरम रोट्या. "गुलसुनकडे जाते."

निसरडं आहे, मी सोबत येते म्हटलं.

"नको. त्या पोरीशी मला एकटीलाच बोलायचंय." बूट चढवता चढवता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या — "मलाही असंच ओढून आणलं होतं, सूनबाई. मीही निसटून माहेरच्या दारात गेले होते. माझ्या आईने कडी काढली नाही."