कोणापेक्षा चांगला, ते लिही

हिंगोली, ता. ६ जानेवारी १९३८

चि. तातेराव यास मनकर्णाअक्काचे आशीर्वाद. वि. वि.

गुरांच्या दवाखान्यात मदतनिसाची जागा निघाली, तिच्यासाठी तांड्यावरच्या नेमसिंगाची शिफारस म्हणून तू केलेला इंग्रजी मसुदा वाचला. संताप आला. नेमसिंग सर्वांपेक्षा चांगला, म्हणे! सर्वांना तू केव्हा भेटलास? पुढे, त्याचा हात डॉक्टरापेक्षा हलका. अरे, हाताची तुलना हाताशी कर. अख्खा डॉक्टर कशाला तोलतोस? सिकंदराबादच्या आमच्या शाळेतल्या नन्सनी तुला बाकावर उभं केलं असतं. इंग्रजीत ‘बेटर’पाठोपाठ ‘दॅन’ येतो, आणि त्याच्यापुढे डोळ्यांनी पाहिलेला माणूस लागतो. साहेबाच्या टेबलावर ‘सर्वांपेक्षा चांगले’ पन्नास पडले असतील. कोणापेक्षा आणि कशात, ते कळव. मग मी लिहून देते.

तुझ्या बायकोच्या, शालूबाईच्या खोकल्याला ज्येष्ठमध दे. लोभ आहेच, अक्षर सुधार.

तुझी अक्का

आखाडा बाळापूर, ता. १२ जानेवारी

ती. अक्कास तातेरावचा दंडवत. वि. वि.

तुमी रागावल्या, बराबर आहे. पण नाव घ्यायची हिंमत न्हाई, म्हणून तर ‘सर्व’ लिहिलं. दुसरा अर्ज आपल्याच संतरामचा, तुमच्या भावाच्या लेकाचा आहे. अक्का भाच्यालाच चिठ्ठी देईल, असं त्याचे वडील किसनदादा गावभर सांगून राहिले.

गुरांच्या साथीत तुमी इथंच होत्या. संतरामनं बैल पाडून तोंडात नळकांडं खुपसलं. निम्मं औषध नाकात गेलं. नेमसिंग दुसऱ्या बैलाची मान खाजवत तासभर उभा राहिला, तवा बैलानं आपणहून तोंड उघडलं. असा मास्तर माझ्या शाळेला मिळाला न्हाई, असं तुमीच म्हणाल्या होत्या. मग आता दादाला काय सांगावं?

शालूबाई बरी आहे, तुमचं पत्र ऐकून हसून राहिली. माया असू द्या, छडी कमी.

तातेराव

हिंगोली, ता. १७ जानेवारी

चि. तातेराव यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मसुद्यापेक्षा तुझं हे पत्र शंभरपट चांगलं, आणि मी दोन्ही वाचली आहेत.

शिफारस सोबत आहे. आजारी जनावराजवळ नेमसिंगाचा धीर माझा भाचा संतराम याच्या धीरापेक्षा मोठा आहे, दोघांना मी एकाच गोठ्यात पाहिलं आहे, असं नावानिशी लिहिलं. नक्कल दादाला आधी पाठवली; पाठीमागे केलेली तुलना म्हणजे चुगली. माहेर तुटलं तर तुटो. पण बैलाच्या मर्जीसाठी तासभर उभा राहणारा माणूस मी ‘सर्वां’च्या गर्दीत ढकलणार नाही.

तुझी आपुलकी असू दे, आता तिची गरज पडेल.

अक्का

आखाडा बाळापूर, ता. ९ फेब्रुवारी

ती. अक्कास दंडवत. वि. वि.

नेमसिंग कालपासून कामाला लागला.

दादांनी तुमची नक्कल मास्तरांकडून दोनदा वाचून घेतली. संतराम म्हणाला, आत्यानं खरं लिव्हलं. दादांनी कागद घडी करून बंडीत ठेवला. मग म्हणाले, तिनं दोघं पाहिले. म्या आपलं एकच पाहत आलो.

वहिनी तुमाला हुरड्याला बोलावून राहिल्या. गाडी शुक्रवारी येते. दादाच हाकणार आहेत.

तुमचाच,
तातेराव