बायकांच्या कोठडीला बाई हवी

तीर्थस्वरूप चतुरामावशी,

तुझ्या भाचीचा, सरिताचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? मागे पाठवलेलं तेल लावतेस, की देव्हाऱ्यामागे ठेवून दिलंस? (खरं सांग.) गाय व्यायली का? फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि ऐकायला अर्धी गल्ली ओट्यावर, म्हणून लिहायला बसले.

मी सब-जेलात कामाला लागले हे तुला ठाऊक आहे, पण कशी लागले ते ऐक. आपल्या तालुक्याचं जेल म्हणजे कचेरीमागच्या तीन खोल्या, दोन पुरुषांच्या आणि एक बायकांची. नव्या तहसीलदारसाहेबांना खर्च वाचवायचा भारी नाद. (पंखा ते स्वतः उठून बंद करतात, खाली माणूस बसलेला असला तरी.) जेलाला माणसं पुरत नाहीत आणि नवी भरायला मंजुरी नाही, म्हणून त्यांनी ठरवलं की जो पहारा देईल त्यानेच बंद्यांचं जेवण खानावळीतून आणायचं आणि त्यानेच त्यांना कोर्टात न्यायचं. त्यामुळे आमचे पहारेकरी सावळीरामभाऊ एका बंद्याला घेऊन कोर्टात निघाले, की दुसऱ्याला एकटं कुठे सोडायचं म्हणून त्यालाही बरोबर नेतात, आणि येताना तिघं मिळून डबे घेऊन येतात. बायकांच्या कोठडीला मात्र बाईच हवी, असा नियम. त्यावर साहेबांनी तोड काढली: कोठडीत बाई असेल त्या दिवशी पहाऱ्याला बाई बोलवायची, एरवी तिने घरी बसायचं. ती घरी बसणारी बाई म्हणजे मी.

आता अडचण अशी, की आपल्या तालुक्यातल्या बायका गुन्हेच करत नाहीत. रोज सकाळी खाकी साडी नेसून मी फोनकडे बघत बसते. हे म्हणतात, पेपरात बघ, कुणी नवऱ्याला बडवलंय का. मी बघते. (हे जरा सरकून बसतात.) आजवर आली ती एकटी नवसाबाई. टाकीच्या पाण्यावरून भांडली म्हणून तिच्यावर चॅप्टर केस झाली. त्यात 'यापुढे शांततेने वागेन' अशा कागदावर सही केली, की साहेब लगेच घरी सोडतात. ही म्हणाली, "मी शांतच हाय, लिहून कशाला देऊ?" झालं, दोन दिवस आत. मला आधी तिची फार दया आली. पण ती जी निजली ती दुपारी उठली, दुसऱ्याने रांधलेलं पोटभर जेवली, मी तिची वेणी घालून दिली, आणि जाताना म्हणते, "बाई, लग्न झाल्यापासून अशी निजले नव्हते. परत कधी बोलावता?" मावशी, त्या दोन दिवसांत मला कुणी 'हिरामणची बायको' म्हटलं नाही. सावळीरामभाऊसुद्धा 'मॅडम' म्हणत होते. मला हे काम इतकं आवडलंय की सांगताना लाज वाटते.

आणि त्याच संध्याकाळी घोटाळा झाला. नवसाबाई गेली, मी नियमाप्रमाणे कोठडीला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गिरणीवर दळण आणायला गेले. साहेब आत होते! रिकामी खोली जुनं दप्तर ठेवायला पुरेल का, हे ते टेप धरून मोजत होते. (खर्च वाचावा म्हणून आतला दिवा त्यांनीच काढायला लावला होता, मग मला दिसणार कसे?) आरडाओरडा ऐकून सावळीरामभाऊ धावले, पण बाहेरूनच म्हणाले, "साहेब, हे कुलूप बाईनंच उघडायचं, तुमचंच परिपत्रक हाय. तोडतो म्हणाल तर तोडतो, पण नवं घ्यावं लागंल." खर्चाचं नाव काढल्यावर साहेब आतच बसून राहिले. मी दळण घेऊन परतले तेव्हा ते घामाने निथळत होते. मला रागवायची त्यांना सोय नव्हती, कारण नियम त्यांचाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठडीत पंखा मात्र बसवून घेतला.

पण बजावलं, की महिनाअखेरपर्यंत एकही बाई आली नाही तर तिथे दप्तर जाणार आणि माझं नाव कमी होणार. मी आशा सोडलेली नाही. दप्तराला कुणी पंखा लावतं का? खोली राहणार आणि मीही राहणार, असं धरून चालले आहे. तुझा आशीर्वाद असू दे.

तुझी भाची,
सरिता

ता. क. तुझ्या सुनीलचा सातपूरहून फोन आला होता. बांधावरच्या पाइपावरून तुझ्यावर आणि शेजारच्या चिमणाबाईवर चॅप्टर झालाय, आणि गुरुवारी दोघींना आमच्या साहेबांपुढे यायचंय, असं कळलं. आईने गुपचूप सही करून मोकळं व्हावं, असं त्याचं म्हणणं. मावशी, तू जन्मात कुणापुढे 'चुकलं' म्हटलं नाहीस, मग ह्या वयात सुरुवात कशाला करतेस? सही करू नकोस. दोनच दिवसांचा प्रश्न आहे. पंखा आहे, गुडघा मी शेकून देईन, घरून पिठलं आणीन.

आणखी एक ता. क. पाकिटाला डिंक मागायला सावळीरामभाऊंकडे गेले, तर बोलता बोलता कळलं की नात्यातल्या माणसावर पहारा देता येत नाही. तू आत आलीस तर माझ्याऐवजी पहाऱ्याच्या यादीतल्या दुसऱ्या बाईला, ज्योत्स्नाला, बोलावतील. (तिने खाकी ब्लाउज शिवूनसुद्धा ठेवलंय.) तेव्हा मावशी, तू मुकाट्याने सही कर. फक्त चिमणाबाईच्या आधी कर, आणि तिला ऐकू जाईल असं साहेबांना म्हण, "आता हीपण घाबरून करील बघा." मग ती काही केल्या करणार नाही. तिला जेवणात तिखट कितपत चालतं, तेवढं उलट टपाली कळव.