गाभोळी

बर्मिंगहॅम, १८ ऑक्टोबर २००५

तीर्थरूप आईस,
सुचेताचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. तू पाठवलेली कोकमं पोचली. तुझा गुडघा कसा आहे?

रविवारी ऑफिसातल्या हेलनने आम्हाला नदीवर नेलं. तिचे वडील गळाने सॅमन धरतात आणि सोडून देतात, कारण अंडी घालायला समुद्रातून नदीत येणारे सॅमन दरवर्षी कमीच होत चाललेत. यंदा त्यांना एकही लागला नव्हता. रविवारी लागला, पोट टम्म फुगलेला. मी टाळ्या वाजवून सगळ्यांना इंग्रजीतून सांगितलं, "आत गाभोळी आहे, रव्यात घोळून तळली की काय लागते!"

कुणी हसलं नाही गं. म्हातारबाबा मांडीभर पाण्यात, मासा दोन्ही हातांनी अलगद धरून, त्याला पुन्हा तरतरी येईपर्यंत उभे राहिले. तो गेल्यावर मला समजून घेत म्हणाले, "तुमच्याकडे अजून भरपूर येत असतील."

मी हो म्हणून टाकलं. यंदा बाजारात रावस नजरेलाही पडला नाही, हे तू मागच्याच पत्रात लिहिलं होतंस.

बाबांना एवढं वाचून दाखवू नकोस.

तुझी,
सुचेता