सोनागिरीची तारीख

९ डिसेंबर, रविवार

आज दुसऱ्याच्या घरात जाऊन बसलो.

संध्याकाळी फिरून आलो. फाटकाची कडी काढली, व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलो, बुटांच्या नाड्या सोडल्या. आत हाक मारली — सिंधू, पाणी आण गं. आतून एक अनोळखी बाई आली, हातात पाण्याचा पेला. मी तो घेतला आणि प्यायलोही! मग भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. आमचं नव्हतं.

"भाईसाहब, आपका क्वार्टर पीछेवाली लाइन में है," ती म्हणाली. अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तशी.

एकतीस वर्षं या वसाहतीत राहतोय. सगळे क्वार्टर सारखेच — तोच पिवळा रंग, तेच हिरवं फाटक. कुणीही चुकेल, असं स्वतःला सांगत घरी आलो. सिंधूला काही बोललो नाही.

११ डिसेंबर

कारखान्यात माझं काम मापं तपासण्याचं. आज मायक्रोमीटरवर आकडा बघितला, वहीत लिहायला वळलो — गेला. पुन्हा बघितला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा प्रकाशला म्हटलं, मी बोलतो, तू लिही, माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक. बावीस वर्षं आम्ही शेजारी बसतो. त्यानं मुकाट्यानं लिहून घेतलं. त्याचं न विचारणं जास्त लागलं.

पायांना मुंग्या येतात, ते वेगळंच.

१३ डिसेंबर

हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहितो.

बाबा बासष्टाव्या वर्षी नागपूरच्या घरातून भाजी आणायला म्हणून निघाले आणि चौथ्या दिवशी आमल्याच्या स्टेशनवर एका बाकावर सापडले. स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. आई रोज त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी घालायची. पण वाटेत कुणा भल्या माणसानं त्यांचा मळका सदरा काढून स्वतःचा धुतलेला घातला. चिठ्ठी मळक्या सदऱ्यासोबत गेली. त्यानंतर बाबा सहा वर्षं जगले, पण मला त्यांनी ओळखलं नाही.

मी अठ्ठावन्नचा आहे.

डॉक्टरकडे जाणार नाही. डॉक्टरनं एकदा त्या आजाराचं नाव घेतलं की संपलं.

पण सदरा बदलता येतो, हात नाही. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, आतल्या बाजूला माझं नाव आणि सिंधूचा मोबाइल नंबर गोंदवून घ्यायचा. ठरलं. तिनं विचारलं तर सांगेन, प्रेमाखातर!

१५ डिसेंबर, शनिवार

अर्धी रजा टाकून एम. पी. नगरला गेलो. खाली कोचिंग क्लास, वर टॅटूचं दुकान. काळ्या भिंती, मोठ्यानं गाणी. केस बांधलेल्या एका पोरानं जाडजूड आल्बम पुढे केला — वाघ, त्रिशूळ, पंख, कवट्या. मी म्हटलं, फक्त नाव आणि दहा आकडे. तो हसला. "अंकल, फोन नंबर? शर्त हारे हो क्या?" मग म्हणाला, नंबरभोवती वेल काढू, नाहीतर फार सरकारी दिसेल. मला सरकारीच हवं होतं. पण त्याला कारण सांगायची हिंमत झाली नाही. आलोच, असं सांगून जिना उतरलो.

१६ डिसेंबर, रविवार

आधी अशोका गार्डनच्या बाजारात. मोबाइलची कव्हरं विकणारा माणूसच मागच्या बाजूला टॅटू काढतो. लगेच बसा म्हणाला. मशीन कुठल्याशा चार्जरला जोडलेलं, सुई प्लास्टिकच्या मगात बुचकळून ठेवलेली. माझी साखर चौदा वर्षांची. जखम चिघळली तर हातच जायचा. उठलो.

संध्याकाळी पायी जवळच्या सोनागिरी वस्तीत. प्रकाशच्या पुतणीनं जिच्याकडून टॅटू काढून घेतला ती. उषा नाव. चाळिशीची असेल, मूळची उज्जैनची, पूर्वी नर्स होती. घराच्या पुढच्या खोलीत काम करते. पांढरी चादर, सीलबंद सुया, हातमोजे. आठवड्याला तीनच माणसं घेते. भिंतीवर एकही वाघ नाही. मराठीत बोलली, त्यानंच अर्धा जीव भांड्यात पडला.

वय विचारलं, साखर विचारली, गोळ्या कुठल्या ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, नंबर कशासाठी?"

आणि मी सांगून टाकलं. बाबा, आमला, परवाचं ते पाणी — सगळं. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. तारीख बघून उद्या फोन करते म्हणाली.

हिच्याकडूनच काढून घ्यायचा. दुसरीकडे जायचं नाही.

१७ डिसेंबर

उषाचा फोन. २७ जानेवारी! सहा आठवडे!! आणि वर अट — मेंदूच्या डॉक्टरला दाखवून त्यांचा कागद आणायचा, तरच सुई लावेन. मी म्हटलं, साखरेचा रिपोर्ट चालेल का? नाही चालणार. ठाम.

राग आला. एम. पी. नगरचा पोरगा लगेच तयार होता.

२३ डिसेंबर

चहा पिऊन लिहायला बसलो. काय लिहायचं होतं ते

२९ डिसेंबर

सहा आठवडे फार होतात. रोज सकाळी दाढी करताना दहा आकडे म्हणून बघतो. आज सातव्यावर अडलो. फिरायला जातो ते आता एकाच रस्त्यानं, उजवा हात कारखान्याच्या भिंतीकडे ठेवून. घर सापडतं. पण सत्तावीस तारखेआधी एखादे दिवशी नाही सापडलं तर?

कागद आणावा लागणारच.

३ जानेवारी, गुरुवार

गेलो. सिंधूला सांगितलं, दातांना दाखवायला जातो.

डॉक्टर बाई तरुण आहेत. तीन शब्द सांगितले — लिंबू, किल्ली, बैल — आणि मग भलतंच बोलत बसल्या. घड्याळ काढायला लावलं. मग शब्द विचारले. लिंबू आलं, बैल आला. किल्ली नाही आली. पायांच्या मुंग्यांबद्दल मी स्वतःहून काही बोललो नव्हतो, त्यांनीच विचारलं. जीभ बघितली. साखरेची कोणती गोळी किती वर्षं, मांस-मासे खाता का — नाही, कधीच नाही. भरपूर रक्त काढून घेतलं. डोक्याचा फोटोही काढायला सांगितला.

बाबांचं मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी रिपोर्ट येऊ दे.

७ जानेवारी, सोमवार

बी-बारा! शरीरातलं बी-बारा संपत आलंय. चौदा वर्षं साखरेची ती गोळी, तिनं ते अंगी लागू दिलं नाही, आणि शाकाहारी खाण्यातून फारसं येत नाही. डोक्याचा फोटो वयाच्या मानानं ठीक आहे. डॉक्टर बाईंनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला कळलंच नाही.

"हे तुमच्या वडिलांचं नाही. हे भरून निघतं. वेळ लागेल, पण तुम्ही वेळेत आलात."

इंजेक्शनं आजपासून. बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, तबियत ठीक है? मी म्हटलं, एकदम.

घरी येऊन सिंधूला सगळं सांगितलं. टॅटूचं तेवढं गाळलं. तिनं ऐकून घेतलं, "बरं झालं" एवढंच म्हणाली आणि बंद असलेला गॅस पुन्हा बंद करायला उठली.

१२ जानेवारी

इंजेक्शन. दंड दुखतो. दुखू दे.

२० जानेवारी, रविवार

मुंग्या पोटऱ्यांवरून घोट्यापर्यंत उतरल्या. काल कारखान्यात सलग अकरा मापं लिहिली, एकही न विसरता. प्रकाशनं वही बघितली आणि म्हणाला, चष्मा चांगला बनवला रे तुझा.

किल्ली. लिंबू, किल्ली, बैल.

२५ जानेवारी

परवा सोनागिरीची तारीख. नंबर कशाला हवा आता? उषाला फोनवरही नको म्हणता आलं असतं, पण स्वतः जाऊन सांगेन. तिनं कागद मागितला नसता, तर मी हातावर नंबर मिरवत तसाच विझत गेलो असतो.

२७ जानेवारी, रविवार

उषाला रिपोर्ट दाखवला, आभार मानले, तारीख दुसऱ्या कुणाला द्या म्हटलं. ती म्हणाली, "आभार माझे नकोत, काका. तुम्ही पहिल्यांदा येऊन गेलात ना, त्यानंतर पाच मिनिटांत काकू आल्या होत्या. ज्यांनी तुम्हाला पाणी दिलं, त्यांनी काकूंना सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून तुम्ही बाहेर पडलात की त्या मागून चालतात. मला म्हणाल्या, नाही म्हणू नका, नाहीतर ते दुसरीकडे जातील. लांबची तारीख द्या आणि डॉक्टरांचा कागद मागा, माझं ऐकणार नाहीत."

बाहेर आलो. रस्त्यापलीकडे भाजीच्या ठेल्याशी सिंधू पाठमोरी उभी होती, हातात मेथीची जुडी. जवळ जाऊन पिशवी घेतली.

म्हटलं, चल, बरोबर जाऊ.